उजव्या मडगार्डाची शीळ

दोन्ही गाड्या अंगणात शेजारी-शेजारी उभ्या करण्याची कल्पना कोर्रादोची होती, आणि कोर्रादोच्या बहुतेक कल्पनांप्रमाणे तीही त्याच्याच अंगावर उलटणार होती. फक्त रविवारी सकाळी अकरा वाजता, चेरीच्या टोपल्या, पांढरे टेबलक्लॉथ आणि छपराभोवती किंचाळत घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्या यांच्या गजबजाटात, ते अजून कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

डावीकडे जुनी रोंदोने होती. १९६६ साली याच वर्कशॉपमध्ये घडलेली, एकसष्टांपैकी पहिली. उजवीकडे नवी रोंदोने, गुरुवारी जगापुढे येणारी, जिच्या पत्र्याला आजवर माणसाची हातोडी म्हणून लागली नव्हती. रंग दोघींचा एकच: विन्योलाच्या चेरीचा, पिकून काळपट झालेला. एर्सिलिया लुगारी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर बोलोन्याच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी पस्तीस वर्षे सोसली होती. मूळ हस्तलिखित आणि त्याची सुबक बनावट प्रत शेजारी ठेवली की बनावट कशी ओळखावी, हे ती शिकवत असे. बनावटीत चुका नसतात.

"आत्या, इतक्या रागाने नको बघूस. तिला वाईट वाटेल," तित्झियानो म्हणाला. कोर्रादोचा हा मुलगा रोंदोने हे नाव विकत घेणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता आणि नवी गाडी ही त्याच्या आयुष्यातली चार वर्षे होती.

"तिला वाटून घ्यायची सोयही केली आहे का तुम्ही? माहितीपत्रकात दिसली नाही. कॉफी गरम ठेवायची सोय मात्र वाचली."

"गार ठेवायची. पाण्याची बाटली."

"मग माझी चूक झाली. संस्कृती पुढे गेली म्हणायची."

तित्झियानो हसला. तो तिच्यावर रागावत नसे, आणि म्हणूनच तिला त्याच्यावर रागावता येत नसे. सगळा राग मग त्याच्या बापाच्या वाट्याला जाई. तो बाप आत्ता हातात एक कागद आणि एक पेन घेऊन टेबलाच्या टोकाला उभा होता आणि योग्य क्षणाची वाट पाहत होता. तो कागद एर्सिलियाला पाठ होता. चार वाक्ये होती. तिसरे असे: 'इव्हो लुगारी यांनी एकट्याने, स्वतःच्या हातांनी घडवलेल्या रोंदोनेची ही गाडी खरी वारस आहे, असे आम्ही लुगारी कुटुंबीय प्रमाणित करतो.' खाली दोन सह्यांच्या जागा होत्या. कोर्रादोची सही झालेली होती. दुसरी जागा तिची.

'एकट्याने, स्वतःच्या हातांनी' हे शब्द कंपनीने तिच्याच ग्रंथातून उचलले होते, पृष्ठ क्रमांकासकट. वडिलांवरचा तो ग्रंथ लिहायला तिला अकरा वर्षे लागली होती. त्यात त्रेचाळीस मुलाखती होत्या, सहाशे तळटीपा होत्या, आणि त्यांपैकी एकच तळटीप वडिलांच्या धाकट्या भावाला, दुइलिओला, दिलेली होती: 'काही काळ मदतनीस.' स्वतःचेच वाक्य दुसऱ्याच्या कराराखाली छापलेले पाहून कुठल्याही अभ्यासकाला संताप येईल. पण एर्सिलियाचा संताप निराळा होता. तो थंड होता, कारण त्याच्या तळाशी भीती होती.

दोन वर्षांपूर्वी स्पिलाम्बेर्तोच्या जुन्या दवाखान्याची रजिस्टरे रद्दीत निघाली, तेव्हा ती दुसऱ्याच कामासाठी ती चाळायला गेली होती. ९ फेब्रुवारी १९६६. लुगारी इव्हो, वय तेहेतीस, पत्राकाम. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर. पहिल्या रोंदोनेची बॉडी २० फेब्रुवारी ते १२ मार्च या काळात ठोकली गेली. हे तिनेच, बिलांवरून आणि पत्रांवरून, शंका उरणार नाही अशा रीतीने सिद्ध केले होते. शंका आता नव्हतीच. मोडक्या उजव्या हाताने कुणी अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकत नाही. म्हणजे बाबांनी ती गाडी घडवलीच नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांनी रचलेल्या चरित्रकथांची शिवण उसवत बसलेल्या बाईने स्वतःच्या घरातली कथा डोळे मिटून उतरवून घेतली होती. त्या दिवसापासून ग्रंथाची दुसरी आवृत्ती 'काही तपशील पडताळायचे आहेत' या सबबीवर अडकली होती, आणि हे तिने कुणालाही सांगितले नव्हते.

"आई गं," तित्झियानो फाटकाकडे बघत पुटपुटला. "आले."

"कोण?"

"मी बोलावलं होतं. येतील असं वाटलं नव्हतं."

फाटकातून नोर्मा आत येत होती आणि तिच्या दंडाला धरून, सत्त्याऐंशी वर्षांचा, टोपी घातलेला, पायांपेक्षा हात मोठे असलेला एक माणूस. त्रेपन्न वर्षांनी दुइलिओ लुगारी, आपल्या मुलीच्या आधाराने, त्या अंगणात पाऊल टाकत होता.

कोर्रादोने मुलाकडे असे पाहिले की शेजारची पाहुणी टोपलीतली चेरी तोंडात घालायची थांबली. "आज? आजच सुचलं तुला?"

"पपा, दोन्ही गाड्या एकत्र बघून पारखू शकणारा आपल्यात तेवढाच एक माणूस उरलाय. मला त्यांचं मत हवं होतं."

"मत! त्याचं मत तो राहतो त्या सगळ्या रेज्जो शहराला पाठ आहे."

काकांचे मत काय असणार हे एर्सिलिया जाणून होती. रजिस्टर एकाच माणसाला उघडायची गरज नव्हती; ज्याने ती गाडी खरोखर ठोकली होती, त्याला. आणि तो माणूस आता सर्वांदेखत तिच्या वडिलांचे नाव, तिचा ग्रंथ आणि तो कागद, तिन्ही एकाच वाक्यात निकालात काढू शकत होता. त्यात अन्याय काहीच नसता. हेच तर सोसवत नव्हते.

"किती बारीक झालीस गं, एर्सिलिया," दुइलिओ म्हणाला. "तुझ्या आईसारखी दिसायला लागलीस. तीही माझ्याकडे अशीच बघायची."

"बसा ना, काका."

"बसायला नाही आलो. नोर्मा, हात सोड, मी काय पोरगा आहे? बसलो तर उठायला माणूस लागतो."

"घरून निघताना म्हणत होते, फाटकापर्यंतच जाईन," नोर्माने सर्वांना सांगितले. "गाडीत बसल्यावर म्हणे, फाटकाच्या आत दहा पावलं. मोजली मी. चौदा झाली."

तो नव्या गाडीपाशी गेला. खिशातून हात काढला आणि डाव्या मडगार्डावरून, डोळे मिटून, पुढून मागे फिरवला. घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा तो हात फिरत होता. मग वळसा घालून तो उजव्या बाजूला गेला आणि तोच हात तसाच फिरवला. भुवया वर गेल्या.

"वजन किती?"

"तेराशे नव्वद किलो," तित्झियानो म्हणाला.

"आणि हिचं?" अंगठा जुनीकडे.

"सातशे वीस."

"म्हणजे पाकोळीची कोंबडी केलीत."

"आजोबा, त्यात एअरबॅग आहेत, धडकेसाठी सांगाडा आहे, आणि चढावर ही तिच्यापेक्षा नऊ सेकंदांनी..."

"कोंबडीला मी नावं ठेवली का? कोंबडी चांगली असते. रविवारी खाता येते."

हसू पसरले, कोर्रादोदेखील ओठांच्या एका कोपऱ्याने हसला आणि लगेच ते हसू परत घेतले. तित्झियानोला मात्र हुरूप आला. ही तुलना त्याने कितीतरी वेळा मनात मांडली असावी. जुनीचे स्टीयरिंग दोन्ही हातांनी ओढावे लागते, नवीचे एका बोटाने फिरते. जुनीचा ब्रेक म्हणजे विनंतीअर्ज, नवीचा म्हणजे हुकूम. जुनीत पाऊस आत येतो. पण जुनीत बसले की रस्ता कमरेतून कळतो, आणि नवीत तो पडद्यावर वाचावा लागतो. हे त्याने स्वतःच कबूल केले, आणि त्याबद्दल एर्सिलियाला तो क्षणभर आवडला.

"आणि तरी एक गोष्ट आम्ही सोडली नाही," तो म्हणाला. "शीळ. ताशी एकशे आठ किलोमीटरला जुनी शीळ घालते ना, तशीच हिच्यातही आहे. दोन महिने रेकॉर्डिंग केलं. वाऱ्याच्या बोगद्यात काही ती निघेना, म्हणून दारांतल्या स्पीकरमधून देतो आम्ही. दोन्ही बाजूंनी, एकसारखी."

रोंदोने म्हणजे पाकोळी. गाडीचे नावच त्या शिळेवरून पडले होते. वेगात आली की वाऱ्याचा एक बारीक, तिखट सूर निघे, थेट छपरावर चाललेल्या या किंचाळण्यासारखा. इव्होने तो मुद्दाम घडवला, त्यासाठी मडगार्डाच्या कडेला जगात कुणी दिला नव्हता असा बाक दिला, असे ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात आकृतीसह दिलेले होते.

दुइलिओने तित्झियानोकडे पाहिले. "स्पीकरमधून," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंनी." आणि मग त्याला जे हसू आले ते खोकल्यात गेले, खोकला पुन्हा हसण्यात आला, नोर्माने पाठीवर थापट्या मारल्या, कुणीतरी लाम्ब्रुस्को वाइनचा ग्लास पुढे केला, आणि शेवटी, बसायला न आलेला तो माणूस डोळे पुसत खुर्चीवर बसला.

"पोरा, एक सांग. माप कुठल्या बाजूचं घेतलंत?"

तित्झियानोचा चेहरा बदलला. खोटे बोलण्याची सवय नसलेल्या माणसाचे कान आधी लाल होतात.

"कसलं माप?" कोर्रादोने विचारले.

"जुनीचं. नवी बनवायच्या आधी जुनीचं माप घेतलं असणार ना."

"लेझरने घेतलं," तित्झियानो हळू आवाजात म्हणाला. "दोन्ही बाजूंचं. पण उजवी बाजू... म्हणजे डावी आणि उजवी जुळेचनात. मडगार्डाच्या कडेला अकरा मिलिमीटरचा फरक होता. वरिष्ठ म्हणाले, उजवी केव्हातरी ठोकर लागून बिघडली असणार. मग डावीच घेतली आणि आरशात बघावं तशी उलटून उजवीला लावली."

"ठोकर!" दुइलिओने मांडीवर हात मारला. "ऐकलंस, नोर्मा? साठ वर्षांनी एका शहाण्या माणसाने इव्होच्या कामाचं खरं वर्णन केलं."

"काका, पुरे," कोर्रादो उठला. "माझे वडील आज इथे नाहीत. मेलेल्या माणसाच्या अंगणात येऊन त्याची टिंगल करायला तुम्हाला बोलावलं नाही कुणी."

"बोलावलंच नाही कुणी," नोर्मा म्हणाली. ती कधी कुणावर आवाज चढवत नसे. म्हणूनच तो चढलेला सर्वांना ऐकू गेला. "त्रेपन्न वर्षांत कुणी नाही. लग्नाला नाही, मयताला नाही. आत्ता तुझ्या पोराने बोलावलं, तर तो एकटाच तुमच्यात माणूस निघाला."

"नोर्मा, तू मध्ये पडू नकोस."

"मधेच तर आहे मी, कोर्रादो. जन्मल्यापासून."

एर्सिलियाने स्वतःचाच आवाज ऐकला, व्याख्यानाच्या सुरुवातीला असतो तसा, कोरडा आणि नीट: "काका, उजवी बाजू कुणी ठोकली?"

भाऊ गर्रकन वळला. "तूसुद्धा?"

"मला उत्तर हवंय, कोर्रादो. कुणी ठोकली, काका? बाबांचा हात तेव्हा प्लॅस्टरमध्ये होता."

इतकी वर्षे दडवलेले वाक्य, आणि बोलायला एवढासाच श्वास लागला. कोर्रादोचा चेहरा कोरा झाला. दुइलिओने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुला ठाऊक आहे प्लॅस्टरचं? कुणी सांगितलं?"

"दवाखान्याच्या रजिस्टरात आहे."

"रजिस्टर." तो शब्द त्याने चावून पाहिला. "मुलाखती किती घेतल्यास म्हणालीस त्या पुस्तकासाठी? तोरिनोच्या इंजिनियरांना विचारलंस, चर्चच्या पाद्र्याला विचारलंस. टायर विकणाऱ्या त्या बोबड्यालासुद्धा. मी इथून पस्तीस किलोमीटरवर बसलो होतो बाई, ट्रॅक्टरची बॉनेटं ठोकत."

"हो," एर्सिलिया म्हणाली. "मी घाबरत होते."

हे उत्तर त्याला अपेक्षित नसावे. त्याने खुर्ची तिच्या दिशेने सरकवली, आणि यापुढचे जणू एकट्या तिलाच सांगितले.

"पत्ते खेळत होतो. इथेच, आतल्या खोलीत. मी आणि इव्हो एका बाजूला. माझ्या हातात हुकमाची तिर्री होती, आमच्या खेळातलं मोठं पान, ती मी आधीच टाकून बसलो. हरलो. इव्होने मूठ आपटली टेबलावर. टेबल संगमरवरी होतं. टेबलाला काही झालं नाही."

कुणीतरी हसले.

"मग बोलणं बंद. तो म्हणाला, तुझ्या गाढवपणाने हात गेला. मी म्हणालो, तुझ्या डोक्याने गेला. आता पत्रा ठोकायला दोघं लागतात हे तुला पुस्तकातून माहीत असेल. एक बाहेरून हातोडी मारतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरतो आणि सांगतो: इथे उठलं, तिथे बसलं. बोलल्याशिवाय ते होत नाही. आणि आम्ही तर बोलत नव्हतो. गाडी मार्चमध्ये द्यायची. तर इव्होने खडू घेतला आणि जमिनीवर मधोमध रेघ मारली. डावी तुझी, उजवी माझी. मध्ये मेणकापड टांगलं. एकमेकांचं काम बघायचं नाही."

"पण हात..."

"डाव्या हाताने ठोकली."

कुठल्याशा टोपलीतून एक चेरी घरंगळली आणि टप्प्याटप्प्याने पायऱ्या उतरली.

"आयुष्यात डाव्या हाताने चमचा धरला नव्हता त्याने. मी मेणकापडामागून ऐकत होतो. हातोडीचा आवाज कळतो ना, नीट बसली की गोड वाजते. त्याच्याकडून काय आवाज यायचे! कुणी भांडी फेकतंय असं वाटायचं. आणि ठोकळा धरायला हात नाही, तर बेट्याने प्लॅस्टरच आतून लावलं. प्लॅस्टरवर पत्रा टेकवायचा आणि बाहेरून हाणायचा. दोनदा फुटलं ते."

एर्सिलिया खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. २५ फेब्रुवारी: प्लॅस्टर फुटले, नवे घातले. ६ मार्च: प्लॅस्टर पुन्हा फुटले, रुग्णास समज दिली. या दोन नोंदी तिने त्या दुपारी रजिस्टरात पाहिल्या होत्या, वहीत उतरवल्या होत्या, आणि त्यांचा अर्थ न लागल्यामुळे, ज्या गोष्टीसाठी तिने विद्यार्थ्यांना नापास केले असते तीच करून, सोडून दिल्या होत्या. दोनदा. काकांनी ते रजिस्टर पाहिलेले असणे शक्य नव्हते.

"टॉर्च," ती म्हणाली. "तित्झियानो, टॉर्च दे."

"आत्या, कपडे..."

बासष्ट वर्षांची, निवृत्त, लिननचा पांढरा पोशाख घातलेली प्राध्यापक अंगणातल्या फरशीवर पाठ टेकून उताणी झाली आणि जुन्या गाडीच्या डाव्या मडगार्डाखाली डोके घातले.

"काय बघू, काका?"

"हातोडीच्या खुणा. बाहेरच्या घासून जातात, आत उमटलेल्या राहतात. चंद्रकोरीसारख्या. उजव्या हाताची कोर उजवीकडे खोल लागते. बोट फिरव, डोळ्यांनी नको बघूस."

डाव्या मडगार्डाच्या पोटात लहान लहान कोरी ओळीने बसल्या होत्या, माशाच्या खवल्यांसारख्या, सगळ्या उजवीकडे खोल, सगळ्या एका मापाच्या. मग ती सरपटत दुसऱ्या बाजूला गेली. उजव्या मडगार्डाखाली ओळ नव्हती. माप नव्हते. काही घाव दोनदा पडलेले, काही चुकून भलतीकडेच गेलेले. पण प्रत्येक घाव, अगदी प्रत्येक, डावीकडे खोल होता. त्यांच्या मधोमध एक उथळ, रुंद खळगा होता, बोटांना खरखरीत लागणारा. प्लॅस्टर चढवलेला हात टेकवला तर मावेल एवढा.

तिने तळहात त्या खळग्यात ठेवला आणि तसाच ठेवला.

दोन वर्षे तिने वडिलांना खोटारडा मानले होते, मनातल्या मनात, सभ्यपणे, पुराव्यासह. आणि इथे तो माणूस होता: तेहेतीस वर्षांचा, हट्टी, धाकट्या भावाला हाक मारायला जीभ उचलत नाही म्हणून मोडक्या हातावर पत्रा टेकवून नको त्या हाताने हाणत बसलेला. त्याने ठोकली होती. वाईट ठोकली होती, पण ठोकली होती. छातीवरून काहीतरी मोठे, जड, कडा धारदार असलेले उचलले जावे तसे तिला झाले, आणि मडगार्डाखालून, टॉर्चच्या उजेडात, एर्सिलिया लुगारी मोठ्याने हसू लागली.

"काय झालं तिला?" कोर्रादोचे बूट जवळ आले.

"भयंकर आहे!" ती खालून ओरडली. "कोर्रादो, फारच भयंकर काम आहे! बाबांचंच आहे!"

दुइलिओ मान डोलवत होता. "आणि मग मार्चमध्ये झोक्काच्या रस्त्यावर पहिल्यांदा काढली. चालवायला मी, गिऱ्हाईक शेजारी, मागे इव्हो आणि वर्तमानपत्रवाला. एकशे आठला उजवीकडून शीळ. मला कळलं, त्याच्या वाकड्या कडेला वारा अडकतोय. वर्तमानपत्रवाला विचारतो, हे काय? इव्होने डोळासुद्धा न लववता सांगितलं: ही पाकोळी. माझ्याकडे बघून सांगितलं. एकवीस दिवसांत पहिल्यांदा बघितलं त्याने माझ्याकडे. मग मी काय बोलणार?"

"आणि पुढच्या गाड्या?" तित्झियानोने विचारले. "त्यांनाही शीळ आहे."

"असणारच! गिऱ्हाईक मागायला लागलं. इव्होचा हात तोवर बरा झालेला, त्याला काही ती चूक पुन्हा जमेना. मग डाव्या हाताने मी ठोकायचो. एकाहत्तरपर्यंत, सगळ्या. चांगलं काम येणाऱ्या माणसाला ठरवून वाईट करायला लावणं म्हणजे काय असतं, ते कुणी पुस्तकात लिहीत नाही. तेही केलं. पण पेपरात आलं, 'एकट्याने, स्वतःच्या हातांनी', आणि भाऊ ते कात्रण फ्रेम करून भिंतीला लावतो! तिथे संपलं."

कोर्रादो टेबलाशी उभा होता. कागद त्याच्या हातात होता आणि तो जणू पहिल्यांदाच वाचत होता.

"म्हणजे ही नवी," तो सावकाश म्हणाला, "डावी बाजू दोनदा. म्हणजे हिच्यात बाबा..."

"कुठेच नाहीत," एर्सिलिया उठत म्हणाली. तिच्या पाठीवर अंगणाचा नकाशा उमटला होता. "एक मिलिमीटरसुद्धा नाहीत. अख्खी गाडी काकांची आहे."

तित्झियानो आपल्या चार वर्षांच्या कामाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तरीच इतकी चांगली झाली."

"बघ, पोराला डोळा आहे," दुइलिओ म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने त्या नवीकडे मालकाच्या नजरेने पाहिले. "कोंबडी म्हणालो ते मागे घेतो. हंसीण आहे. जाडी, पण हंसीण."

सकाळपासून एर्सिलियाला त्या सुबक, बिनचूक गाडीचा जो द्वेष वाटत होता, तो तिने शोधून पाहिला आणि सापडला नाही. वडिलांची जागा बळकावायला आलेली म्हणून ती हिला पाहत होती. हिने कुणाचीच जागा घेतली नव्हती. बाबा जिथे होते तिथेच होते, जुनीच्या उजव्या मडगार्डात, आणि लेझरने त्यांना नाकारले होते. एवढ्या विद्वान यंत्राने घेतलेला तो त्या वर्षातला एकमेव योग्य निर्णय होता.

तिने पेन मागितले. तिसऱ्या वाक्यावर सरळ रेघ मारली आणि वर, परीक्षेच्या पेपरावर लिहावे तशा बारीक अक्षरात, लिहिले: 'दुइलिओ लुगारी यांनी घडवलेल्या डाव्या बाजूची ही गाडी खरी वारस आहे. उजवी बाजू इव्हो लुगारी यांची असून तिला वारस नाही.' खाली सही केली.

"कंपनी हे घेणार नाही," कोर्रादो म्हणाला, पण त्यात सकाळचा जोर नव्हता.

"घेईल," तित्झियानो म्हणाला. "नाहीतर गुरुवारी ते अकरा मिलिमीटर पत्रकारांना मी सांगेन. आणि स्पीकर काढून टाकतो. डावी बाजू कधी शीळ घालत नव्हती."

कोर्रादोने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग तो काकांसमोर येऊन उभा राहिला. एमिलिया प्रांतातला पुरुष माफी मागायच्या वेळी जे करतो ते त्याने केले: पुरीसारख्या फुगलेल्या, तळलेल्या न्योक्कोची गरम बशी आणि हॅम पुढे सरकवले. दुइलिओने एक तुकडा उचलला, हॅम गुंडाळले, खाल्ले.

"तुझ्या आईचे जास्त फुगायचे," तो म्हणाला. आणि तह झाला.

जेवणे उरकून दोन वाजता, सगळा प्रांत टेबलावरून हलायला तयार नसताना, एर्सिलियाने जुनी काढली. काका उजवीकडे, तिच्या शेजारच्या सीटवर बसले. त्यांना आत बसवायला तिघे लागले आणि तिघांनाही शिव्या खाव्या लागल्या. विन्योलाच्या पुढे, पानारो नदीला धरून, रस्ता सरळ होतो. पासष्ट, ऐंशी, शंभर. स्टीयरिंग दोन्ही हातांनी ओढावे लागत होते. काचा खाली होत्या. दुइलिओने टोपी काढून मांडीखाली दाबली आणि डोळे मिटले.

एकशे आठला ती आली. उजवीकडूनच, बारीक, तिखट, किंचित खाली घसरणारी.

"बेसूर," दुइलिओ वाऱ्यावर ओरडला. "अजून बेसूरच आहे मूर्ख!"

"हळू करू का, काका?"

"नको." त्याने मोठा हात खिडकीबाहेर काढून मडगार्डाच्या दिशेने लांबवला, पोहोचत नसूनही. "बोलू दे त्याला."